पाठ वाघाकडे, तोंड माणसांकडे

प्रशिक,

उद्या सकाळच्या गाडीने तुझ्या बहिणीला घेऊन मी नागपूरला निघते आहे. तुला ज्या विद्यापीठात मुलाखतीला घेऊन गेले होते, त्याच विद्यापीठाच्या, त्याच इमारतीतल्या मुलाखतीला. त्या वेळी गाडीत तू खिडकीपाशी बसला होतास आणि सगळा वेळ शेंगदाणे खात होतास. उद्या तिथे आम्रपाली बसेल. ती काही खाईल असं वाटत नाही.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं प्राचार्यांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि ग्रंथालयातल्या कपाटांच्या मागे जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक दिले. स्वतःचं पान लिहायला बसले ती आता, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि पहिल्याच पानाच्या सुरुवातीला तू मेलेला आहेस. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुला मिळालेलं प्रशस्तिपत्र, हे सगळं प्राचार्य लिहितील. ते चांगलं लिहितात. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि तुझी बाजूही आता मलाच मांडावी लागते आहे.

तू पहिल्यांदा ग्रंथालयात आलास तेव्हा तुझ्या बाहीवर रक्त होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतास. वाघावरचं पुस्तक मागितलंस.

"कोणाचं रक्त?" मी विचारलं. माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचायला दोनदा विचारावं लागलं.

"सरपंचाच्या भावाचं," तू म्हणालास. "माहा नाई. टेन्शन नोका घेऊ."

मग काउंटरला टेकून तू जे सांगितलंस, ते ऐकताना मी हसू दाबत होते आणि मला भीतीही वाटत होती. वनखात्याने गावातल्या पोरांचं पथक तयार केलं होतं. वाघ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात शिरला, की बघायला तीन गावं लोटतात, दगड मारतात, फटाके फोडतात. भेदरलेला वाघ मग त्यांच्यातच घुसतो. ते टाळायचं काम तुमचं. हातात हात गुंफून साखळी करायची. पाठ वाघाकडे, तोंड माणसांकडे. माणसांना थोपवायचं आणि वाघाला मागून निघून जायला वाट द्यायची. तू तुझ्या कबड्डीच्या संघातली सगळी पोरं पथकात घातलीस, कारण साखळी त्यांना आयती येत होती. त्या सकाळी सरपंचाचा भाऊ आईबहिणीवरून शिव्या देत, काठी उगारून ओळीत शिरला आणि तुझ्या पोरांनी जे आयुष्यभर केलं होतं तेच केलं. आत आलेल्या माणसाभोवती साखळी वळली. एकाने घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, चौघं अंगावर पडले. सरपंचाच्या भावाचे पुढचे दोन दात गेले.

"वाघ?" मी विचारलं.

"वाघ उभा राहून पाहून राह्यला होता, मॅडम. त्याले वाटलं असंल, हे तर माह्यापेक्षा बेकार आहेत."

तो माणूस पोलिसांत जाणार होता. गेला नाही. महिन्याभराने तोच पानठेल्यावर आपलं बोळकं दाखवून सांगत होता, "काय पकड होती बे पोट्ट्याइची! हाललोच नाई मी." तू मात्र त्या दिवशी हसून झाल्यावर एकदम गंभीर झाला होतास. "माणूस आत आला का हाताले खाज सुटते, मॅडम. ही सवय मोडली नाई तं एखाद दिवस कोणीतरी मरंल."

हे वाक्य तुझं आहे, प्रशिक. मी फक्त जपून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात पिल्लांकडे जायची वाट अडलेल्या वाघिणीने साखळी फोडली आणि जाताजाता तुझ्या पाठीवरून पंजा ओढला, खांद्यापासून कमरेपर्यंत. दोन्ही बाजूंच्या पोरांचे हात तू सोडले नाहीस. ते तुला तसंच ओढत बांधावर घेऊन आले. मी दवाखान्यात आले तेव्हा तू पालथा पडून होतास आणि पाठीवर काळ्या दोऱ्याची शिवण होती, पोत्याला घालतात तशी. मी आणलेली पुस्तकं तुझ्या उशाशी ठेवली. तूच म्हणालास, "आता पालथं झोपूनच अभ्यास करतो. उताणा झोपत होतो म्हणूनच मार्क कमी पडले."

मार्क खरोखरच कमी पडले. बी.ए.ला अठ्ठेचाळीस टक्के. बारावीला इंग्रजीत एकदा नापास. आणि मी तुझ्यापुढे माहितीपत्रक ठेवलं ते अशा विद्यापीठाचं, जिथे नव्वद टक्केवाले रडत परत येतात. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं, की गुणांबरोबर उमेदवाराने आपल्या परिसरात केलेलं कामही विचारात घेतलं जाईल. विभागप्रमुख ते वाचून म्हणाले, "मॅडम, हे छापायसाठी असते." तू विचारलंस, "सर, नव्वदवाल्याईच्या पाठीवर काय आहे?" ते चिडले. मी खाली बघितलं, पण मनात म्हटलं, आपण हा अर्ज भरायचाच.

अर्जातला निबंध आपण तीन संध्याकाळी बसून लिहिला. तू पहिल्या परिच्छेदात साखळी कशी करायची ते लिहिलं होतंस आणि जखम शेवटून दुसऱ्या वाक्यात. मी ती वर आणली. आपल्या भांडणाचं मूळ तिथे आहे, हे मला ठाऊक आहे. मी आजही म्हणते की माझं बरोबर होतं. अठ्ठेचाळीस टक्क्यांचा अर्ज वाचणारा माणूस दुसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबत नाही. दार आधी उघडायला हवं. आत गेल्यावर साखळी सांगता आली असती.

मुलाखतीची तयारी तुमच्या विहारातल्या अभ्यासिकेत झाली. मी परीक्षक होऊन खुर्चीत बसले आणि पहिला प्रश्न विचारला. तू म्हणालास, "मॅडम, असे लोक मले कधी भेटलेच नाई. तुमी गर्दी बना. गर्दीसमोर मले बोलता येते."

मी गर्दी! वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणायच्या ऐवजी मी नुसता हात वर करायचे. लग्नाच्या बोलणीतही माझी उत्तरं आईने दिली होती, आणि बहुधा म्हणूनच ते लग्न झालं नाही.

"शिवी द्या," तू म्हणालास.

"मूर्ख," मी म्हटलं.

अभ्यासिकेतली पोरं फिदीफिदी हसली. आम्रपाली तेव्हा शाळेत होती, ती कोपऱ्यातून ओरडली, "मॅडम, एवढ्यानं तं शेळीबी हालत नाई!"

मग तू मला डिवचायला लागलास. माझी चाल, माझा आवाज, पुस्तकावर शिक्का मारण्याआधी मी घेते तो श्वास, सगळ्याची हुबेहूब नक्कल केलीस. आणि अचानक माझ्या हातून डस्टर सुटलं. ते तुझ्या कपाळावर बसलं. माझ्या तोंडून जी शिवी गेली ती मी कुठे ऐकली होती हे मला अजून ठाऊक नाही. अभ्यासिकेतली पोरं उठून उभी राहिली. तुझ्या भुवईतून रक्ताची बारीक रेघ आली आणि तू आनंदाने टाळ्या वाजवायला लागलास. "हे आहे न! विचारा आता. काऊन शिकायचं आहे तुले? विचारा!"

मी ओरडून विचारलं. तू ओरडून उत्तर दिलंस. त्या आठवड्यात मी आयुष्यभराचं बोलून घेतलं.

नागपूरला मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आतून आधी बोलण्याचा आवाज आला, मग खुर्च्या सरकल्याचा, मग कपाटावर काहीतरी जड आदळल्याचा आणि काच फुटल्याचा. तू बाहेर आलास. चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, सरले पाडलो."

परीक्षकांनी तुला विचारलं होतं, की नेतृत्व म्हणजे तुमच्या मते काय. तू तिघांनाही उभं केलंस, एकमेकांचे हात धरायला लावलेस आणि म्हणालास, आता मी गर्दी आहे, मला आत येऊ देऊ नका. आणि जोर किती लावायचा याचा अंदाज चुकला. मधले म्हातारे सर कपाटावर गेले. पण, तू शपथेवर सांगत होतास, त्यांनी दोन्ही बाजूंचे हात सोडले नाहीत.

परतताना गाडीत आपण दोघं कामठा झाल्यासारखं, म्हणजे मयतावरून आल्यासारखं, बसलो होतो. आणि उन्हाळ्यात तुझी निवड झाल्याचं कळलं. तुझ्या मायने अख्ख्या वस्तीत मुरमुरे वाटले. विभागप्रमुखांनी तुला हार घातला. मी कपाटांच्या मागे जाऊन रडले, कारण इतकं आनंदाने रडायला मला दुसरी जागा ठाऊक नव्हती.

पहिल्या दिवाळीला तू परत आलास तो धुमसत.

"तिथी माही पाठ शिकून राह्यली, मॅडम. मी नाई."

कोणी पाहुणा आला की तुला पुढे उभं करायचे. नव्या तुकडीला तुझी गोष्ट ऐकवायचे. प्रेमाने करायचे, हे तूही मान्य करत होतास. पण साखळीबद्दल कोणी विचारत नसे. धक्का आला की पाय कसा रोवायचा, पोरांची जुनी सवय कशी मोडायची, यावर तुला लिहायचं होतं. त्यांना वाघीण हवी होती. मग वसतिगृहातल्या एका मुलाने तू आंघोळ करत असताना तुझ्या पाठीचा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. तू त्याचं नाक फोडलंस. नुसतं एकदा मारून थांबला नाहीस. तीन मुलांनी ओढून काढेपर्यंत मारत राहिलास. तुला काढून टाकायची वेळ आली होती. शेवटी माफ केलं. त्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, की याने जे भोगलं आहे ते ध्यानात घ्यावं.

"पाहा न," तू मला म्हणालास, "माफीबी माह्या पाठीलेच भेटली."

"त्यांनी तुला घेतलं आहे," मी म्हटलं. "तुझ्या कामाला."

"मले घेतलं का माह्या जखमेले? जखम नसती तं अठ्ठेचाळीसवाल्याले चहा तरी पाजला असता का? आन वर तं तुमीच आणली तिले."

माझ्याकडे उत्तर होतं, आवाज नव्हता. अभ्यासिकेत मिळालेला आवाज मला अभ्यासिकेबाहेर नेता आला नव्हता. तू दार आपटून गेलास. पुढे प्रत्येक सुट्टीत आपण हेच भांडण थोड्याफार फरकाने पुन्हा भांडलो. आणि पदवी घेऊन तू गावातच परत आलास, तेव्हा मी चिडले आणि तू हसलास.

तिथे शिकलास मात्र खूप. ब्रह्मपुरीपासून कुरखेड्यापर्यंत गावोगावी पथकांना शिकवत फिरलास. एकच धडा: माणूस साखळी ओलांडून आत आला तर येऊ द्या. मागे धावायला एकच माणूस ठरलेला. बाकीच्यांनी हात सोडायचा नाही, वळायचं नाही. वळणाऱ्याच्या नडगीवर तू वेताची काठी मारायचास. पोरांच्या नडग्या निळ्या असायच्या. मी एकदा म्हटलं, ही कसली शिकवण. तू म्हणालास, "सवय तोंडानं मोडत नाई, मॅडम."

आम्रपालीला तू सगळ्यांत जास्त मारलंस. ती जिल्ह्याच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायची. घोटा दिसला की तिचा हात विचारायच्या आधी गेलेला असायचा. या हाताने तिला राज्याच्या संघापर्यंत नेलं होतं. आणि बी.ए.ला एक्कावन्न टक्के. "माह्याहून तीन जास्त," तू सगळ्यांना सांगायचास. तिने त्याच विद्यापीठात अर्ज करायचा, हे तूच ठरवलंस. "पर आमू, कबड्डीवरच लिवजो. कोणी रडत असंल तं त्याले रडू देजो, तू रडवजो नोको."

आणि मग ती सकाळ. मी तिथे नव्हते. त्या सकाळची चित्रफीत अर्ध्या तालुक्याच्या फोनमध्ये आहे. मी ती एकदाच पाहिली आणि फोनमधून काढून टाकली. जे लिहिते आहे ते आम्रपालीने सांगितलेलं आहे.

धान कापायला गेलेल्या बाईला वाघाने बांधावरच मारलं होतं. प्रेत तिथेच होतं, आणि वाघ मागच्या बांबूच्या बेटात. लोक शेकड्याने जमले होते. वनखात्याच्या जीपवर कोणीतरी पेट्रोल ओतलं होतं. तुम्ही साखळी धरली. दगड यायला लागले. एका पोराचा कान फाटला, तरी हात सुटले नाहीत. तुझा डावा हात आम्रपालीच्या हातात होता. ती टोकाला, डाव्या कोपऱ्यात. आणि मेलेल्या बाईचा मुलगा कुऱ्हाड घेऊन धावत आला, तो तिच्याच अंगावरून.

तिने घोटा धरला.

विचार नव्हता त्यात, असं ती म्हणते. घोटा दिसला आणि हात गेला. तुझ्या हातातला हात. तो मुलगा तोंडावर आपटला, कुऱ्हाड उडाली. आणि तिच्या पाठोपाठ सगळी साखळी वळली, त्या पहिल्या सकाळी सरपंचाच्या भावाभोवती वळली होती तशीच. दुसरी बाजू उघडी पडली. तिथून गर्दी आत घुसली. बांबूतून वाघ बाहेर आला. जमिनीवर तो मुलगा, त्याच्या पायाला चिकटलेली तुझी बहीण, आणि त्यांच्याकडे येणारा वाघ. तू मध्ये जाऊन उभा राहिलास. आयुष्यात पहिल्यांदा तुझं तोंड वाघाकडे होतं.

त्यानंतरचं मी लिहिणार नाही. वाघ गेला. जीप जळाली. वनखात्याच्या गार्डला लोकांनी बांधावरच्या खुंटाला बांधून मारलं. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला आहे. तुझ्या साखळीतल्या पोरांनीही त्या दिवशी दगड उचलले, प्रशिक. मी असते तर मीही उचलला असता. आम्रपालीने उचलला नाही. ती तो घोटा धरूनच बसली होती. बोटं एकेक करून उलगडावी लागली.

तो मुलगा जिवंत आहे. त्याच्या आईची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो रोज विळा घेऊन तुमच्या बांधीत आला आणि तुमचा सगळा धान एकट्याने कापून गेला. तुझी माय त्याच्यासमोर भाकर ठेवायची, तो खायचा आणि जायचा.

वाघाने माणूस मारला त्या जागेवरून जाणाऱ्याने एक फांदी टाकायची, अशी इकडे रीत आहे. तुमच्या घरात असलं कोणी मानत नाही, पण रस्ता सगळ्यांचा आहे. ढीग कमरेइतका झाला. परवा मी आले तेव्हा माय त्या ढिगातून फांद्या ओढून मोळी बांधत होती.

"असं करू नये म्हणतात, बाई," शेजारीण घाबरून म्हणाली.

"माह्या पोराच्या नावाचं लाकूड आहे," माय म्हणाली. "जळन तं माह्याच चुलीत जळन."

तिने मला त्याच चुलीवर चहा करून दिला. मी तो प्यायले.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर मांडव घातला होता. तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. मग जेवताना तुझ्या एका काकाने आम्रपालीजवळ पाट ओढला. "तुहा फारम भरायचा आहे न? आता हेच लिव त्यात. भाऊ कसा गेला, सारं लिव. मुलाखतीत थोडीशी रडजो. सीट पक्की समज, पोरी." काकाचं मन वाईट नाही. तो स्वतः दोन दिवस जेवला नव्हता. आम्रपालीने पाण्याचा पितळी गडवा उचलला आणि मांडवाच्या खांबावर असा फेकला की त्याला पोचा आला. वाढपी थांबले. काकाच उठून गडवा घेऊन आला.

त्याच दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी तिला बाजूला घेतलं आणि तुझ्या काकापेक्षा जरा शुद्ध भाषेत तेच म्हटलं. एक ओळ तरी असू दे. ते लोक त्याला ओळखतात. आडनाव तेच, गाव तेच. तू लिहिलं नाहीस तरी विचारतीलच.

"एक ओळ कायले?" ती म्हणाली. "दादाची पाठ संपली, आता दादा पुरवू का त्याईले? आन लिवायचं तं खरं लिवा लागंल, मॅडम. खरं काय आहे तुमाले माहीत आहे न?"

तिने निबंध लिहिला तो डाव्या कोपऱ्यावर. समोरच्याचे डोळे न बघता पाय का बघायचा, किती वाट बघायची, आणि आपला हात आपल्या आधी गेला तर काय होतं. त्या शेवटच्या भागात तुझं नाव नाही. चार वाक्यं आहेत. मी एकही वर आणली नाही. लेखी परीक्षेत ती कशीबशी निघाली, आणि या निबंधावर तिला मुलाखतीला बोलावलं आहे.

म्हणून काल संध्याकाळी, ग्रंथालय बंद करताना, ती आली आणि म्हणाली, "मॅडम, गर्दी बना."

मी म्हटलं, मला आता जमणार नाही.

"दादा म्हणे तुमी लय घाण शिव्या देता."

तिने माझं डावं मनगट आपल्या मुठीत धरलं. "ही साखळी. तुमी इकडूनबी आन तिकडूनबी." म्हणजे एका हाताने मी तिची सोबती आणि दुसऱ्या हाताने गर्दी. मी उजव्या हाताने तिला ढकललं. ती हसली. मी पुन्हा ढकललं. मी विचारलं, एक्कावन्न टक्क्यांत तू इथे कशी आलीस? तिने नीट उत्तर दिलं. विचारलं, खेळाडूने खेळावं, शिकायचं कशाला? त्याचंही दिलं. माझा आवाज चढत गेला. कपाटाच्या काचा थरथरल्या असं मला वाटलं. मी तिला खांद्याने धडक दिली. ती टेबलावर आपटली, मनगट सोडलं नाही. आणि मग, प्रशिक, जे कोणी तिला आजवर विचारलं नव्हतं, काकाने नाही, मायने नाही, त्या कुऱ्हाडवाल्या मुलाने नाही, ते मी तिच्या तोंडावर ओरडून विचारलं.

"भावाचा हात कोणी सोडला?"

तिची बोटं माझ्या मनगटात अशी रुतली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत आलं नाही.

"मी," ती म्हणाली. "हाव. मी सोडला. पुढचं विचारा."

मी पुढचं विचारलं. शिपाई दाराशी येऊन उभा राहिला होता, त्याला वाटलं मारामारी चालली आहे. आम्ही विचारत आणि उत्तरं देत राहिलो, त्याने दिवे मालवायला सुरुवात करेपर्यंत.

आज माझ्या मनगटावर चार निळी बोटं उमटली आहेत आणि आतल्या बाजूला अंगठा. उद्या लांब बाह्यांचं काही घालून जा, असं सहकारी सांगत होत्या. मी नेहमीचंच घालणार आहे. तिला प्रवेश मिळेल की नाही, मला ठाऊक नाही; एक्कावन्न म्हणजे एक्कावन्नच. ती आत गेली की मी पुन्हा त्याच बाकावर बसेन. आणि ते म्हातारे सर, तू कपाटावर पाडलेले, बाहेर आले, तर मी उठून त्यांच्यापुढे उभी राहीन आणि आपलं भांडण त्यांच्यासमोर ठेवीन. तुम्ही त्याला घेतलं होतं, की त्याच्या पाठीला? पहिल्यांदा त्यांना ऐकू जाणार नाही. मग गर्दीच्या आवाजात विचारीन.